कॅप किंवा ब्रिज बसवताना: सिमेंट लागण्याआधी काय काय पाहायचे

दात एकदा तासला की तो परत वाढत नाही. कॅप असो वा ब्रिज, दोन्हींत हेच काम आधी होते, आणि बहुतेक लोकांना प्रश्न सुचतात ते त्यानंतर. दर विचारला, तारीख ठरली, खुर्चीत बसलो, इंजेक्शन झाले, मशीन फिरले. मग घरी आल्यावर कोणीतरी विचारतो, "अरे, त्यापेक्षा इम्प्लांट का नाही केलास?" तोवर शेजारचे दोन धडधाकट दात तासून झालेले असतात.

माझ्या तोंडात एक कॅप आहे आणि खाली उजवीकडे तीन दातांचा ब्रिज. पुढे आईचेही काम झाले, ते गोव्यात बांबोळीच्या सरकारी दंत महाविद्यालयात. खाजगी दवाखाना आणि सरकारी रुग्णालय अशा दोन्ही वाटा पाहून झाल्या. मी डॉक्टर नव्हे, त्यामुळे तुमच्या दाताचे काय करायचे ते तपासणाराच सांगेल. कुठल्या टप्प्यावर काय विचारायचे आणि कुठे घाई करायची नाही, तेवढे इथे लिहितो.

१. तुम्हाला कॅप हवी की ब्रिज, ते समजून घ्या

दाताचे मूळ भक्कम आहे पण वरचा भाग किडला, तुटला किंवा रूट कॅनालमुळे दुबळा झाला, तर त्यावर कॅप बसते. दातच नसेल तर ब्रिज. रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात तासून त्यांवर कॅप घालतात आणि त्यांना जोडलेला खोटा दात मधे येतो. तिन्ही एकसंध असतात.

ब्रिजचा दर दातामागे, म्हणजे 'युनिट'मागे असतो. एक दात गेला तरी पैसे तीन युनिटांचे. फोनवर "ब्रिजचे किती?" असे विचारले की एका युनिटचा आकडा सांगतात, आणि माणूस तेवढेच पैसे खिशात घालून जातो. म्हणून "सगळे मिळून किती, त्यात रूट कॅनाल, एक्स-रे, तात्पुरती कॅप धरली आहे का?" असेच विचारा.

ब्रिजला पर्याय आहेत. इम्प्लांटमध्ये टायटॅनियमचा स्क्रू हाडात बसवतात, तो हाडात रुजायला साधारण तीन ते सहा महिने देतात आणि मग वर कॅप येते. शेजारच्या दातांना हात लागत नाही. खर्च जास्त, हाड पुरेसे लागते, आणि साखर ताब्यात नसलेल्यांना किंवा सिगारेट ओढणाऱ्यांना धोका वाढतो. दुसरा पर्याय काढता-घालता येणाऱ्या दाताचा. स्वस्त आहे, पण जेवताना हलतो आणि बऱ्याच जणांचा शेवटी डबीतच राहतो.

निवड करताना मला एक प्रश्न सर्वांत उपयोगी पडला: शेजारचे दात कसे आहेत? त्यांत आधीच मोठी फिलिंग असतील, रूट कॅनाल झालेले असेल, तर त्यांना कॅप लागणारच होती, मग ब्रिजने फारसे काही गमावत नाही. दोन्ही दात कोरे, एकही फिलिंग नसलेले असतील, तर ते तासायला देण्याआधी इम्प्लांटबद्दल नीट विचारा. हाडे अजून वाढत असलेल्या मुलांना मात्र इम्प्लांट करत नाहीत.

काहीच न करणे हाही एक निर्णय असतो. त्याचे परिणाम सावकाश दिसतात. रिकाम्या जागेकडे शेजारचे दात कलतात, समोरचा दात त्या पोकळीत उतरतो किंवा चढतो, आणि चार-पाच वर्षांनी ब्रिज करायला गेलात तर आधी जागाच नीट करावी लागते. शेवटची अक्कलदाढ गेली असेल तर मात्र बहुधा काहीच करायची गरज नसते.

कागदावर '४६ - एफपीडी' असे काही लिहिलेले दिसेल. एफपीडी म्हणजे ब्रिजच. पहिला आकडा जबड्याचा भाग सांगतो: वर उजवीकडे १, वर डावीकडे २, खाली डावीकडे ३, खाली उजवीकडे ४. दुसरा आकडा मधल्या दातापासून मोजलेला क्रम. ४६ म्हणजे खालची उजवी पहिली दाढ. ती सहाव्या वर्षाच्या आसपास येते, आईबाप तिला दुधाचा दात समजतात, म्हणून सर्वांआधी किडते तीही तीच. आपल्या दाताचा आकडा पाठ करून ठेवा. सकाळी एका डॉक्टरने तपासले आणि दुपारी दुसऱ्याने तासायला घेतले, तर तो मोठ्याने म्हणता येतो.

२. कुठे जायचे

गोव्यात दंतवैद्यकाचे एकच महाविद्यालय आहे, बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय. १९८० साली सुरू झालेले, महामार्गाला लागून, गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) शेजारी. पणजी-मडगाव बस तिथूनच जाते. फोंडा, डिचोली, साखळीकडून येणाऱ्यांनी पणजीच्या कदंब स्थानकावर बस बदलायची. कॅप-ब्रिजचा विभाग 'प्रोस्थोडॉन्टिक्स' नावाने ओळखला जातो, पण थेट तिथे जाऊन चालत नाही. आधी केसपेपर, तपासणी, एक्स-रे, मग गरजेप्रमाणे हिरड्यांच्या आणि रूट कॅनालच्या विभागाकडे, आणि शेवटी तिथे. काम बऱ्याचदा पदव्युत्तर विद्यार्थी करतात आणि प्राध्यापक टप्प्याटप्प्यावर येऊन पाहतात. त्यामुळे वेळ लागतो. सकाळी लवकर पोचा, अर्ध्या दिवसाची रजा पुरेल असे समजू नका.

या संथपणाचा फायदाही आहे. आईच्या वेळी माप दोनदा घेतले गेले, कारण पहिल्यात हिरडीची कड नीट उतरली नव्हती. खाजगीत तिसरा पेशंट बाहेर खोळंबला असता तर दुसऱ्यांदा माप घेतलेच असते असे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

खाजगी दवाखान्यात वेळ तुमच्या सोयीची मिळते. तिथे दारावरच्या पाटीवर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. राज्याच्या दंत परिषदेकडे नोंदणी असल्याशिवाय दातांचा व्यवसाय करता येत नाही. साधी एक कॅप कुठलाही चांगला बीडीएस (दंतवैद्यकाचा पदवीधर) डॉक्टर करतो. लांब ब्रिज, पुढचे दात, किंवा बरेच दात एकदम असतील तर प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस (पदव्युत्तर पदवी) केलेल्याचे मत घ्या.

३. पहिल्या भेटीला काय न्यायचे

- ओळखपत्र, आधीचा केसपेपर असल्यास तोही
- जुने एक्स-रे, विशेषतः त्याच दाताच्या रूट कॅनालचे
- चालू औषधांच्या पट्ट्या. नावे आठवून सांगण्यापेक्षा पिशवीच घेऊन जा
- मधुमेह असेल तर अलीकडचा एचबीए१सीचा (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा) रिपोर्ट
- हृदयाची झडप बदललेली असेल, स्टेंट असेल, तर हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी
- कशाची ॲलर्जी असेल तर लिहून. नकली दागिन्यांनी किंवा घड्याळाच्या पट्ट्याने खाज येत असेल तर तेही सांगा (कारण पुढे येईल)

रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला किंवा महिन्याला गोळी घेणाऱ्या बायका घरोघरी आहेत. दात काढायचा असेल तर ती गोळी सांगितलीच पाहिजे, त्यावर जबड्याची जखम भरणे अवलंबून असते.

४. आधी पाया

कॅपचे आयुष्य तिच्या खालचा दात ठरवतो. दवाखान्यात ज्या गोष्टीवर चर्चा होते ती म्हणजे कॅप झिर्कोनियाची (एक कडक पांढरे सिरॅमिक) की धातूची, आणि ज्या गोष्टीवर ती टिकते ती म्हणजे हिरडीच्या वर किती खरा दात उरला आहे. कडेने सगळीकडून निदान दीड-दोन मिलिमीटर तरी उरायला हवा, म्हणजे कॅप त्याला कवेत धरते. तेवढा नसेल तर मुळात पोस्ट (आधाराची छोटी काडी) बसवून वर भर घालतात, किंवा हिरडी थोडी खाली घेतात. तेही शक्य नसेल तर दात काढणेच शहाणपणाचे. "याच्यावर कॅप किती वर्षे टिकेल असे तुम्हाला वाटते?" असे सरळ विचारा. प्रामाणिक डॉक्टर इथे थोडा थांबून बोलतो.

रूट कॅनाल झालेल्या दाढेला कॅप लांबवू नका. दुखणे थांबले की माणसाला वाटते काम झाले. पोखरलेली दाढ मग एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडाने उभी चिरते, आणि मुळापर्यंत चीर गेलेल्या दाताला उपाय नाही. पुढच्या दाताचे वेगळे आहे. त्याचा बराच भाग शाबूत असेल तर प्रत्येक वेळी कॅप लागतेच असे नाही.

हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी सफाई करून घ्या. सुजलेल्या हिरडीवर घेतलेले माप हिरडी उतरल्यावर चुकते आणि कॅपची कड उघडी पडते.

५. वेळेचे गणित

साध्या कॅपला तासण्यापासून सिमेंटपर्यंत आठवडा ते दोन आठवडे धरा. दात काढून ब्रिज करायचा असेल तर जखम भरून हाड आणि हिरडी स्थिर व्हायला साधारण दोन ते तीन महिने द्यावे लागतात. घाईत केलेल्या ब्रिजखाली पुढे हिरडी आकसते, फट पडते आणि जेवणाचे कण तिथे साचतात.

आखातात किंवा बोटीवर काम करणाऱ्या आपल्या लोकांना हे सर्वांत जड जाते. महिन्याच्या सुट्टीत दात काढणे आणि कायमचा ब्रिज, दोन्ही बसत नाही. या सुट्टीत दात काढा, तात्पुरता दात घेऊन जा आणि पुढच्या सुट्टीत ब्रिज करा. आणि चवथीच्या तोंडावर काम सुरू करू नका. कॅप बनवणाऱ्या लॅबचे लोकही गावी जातात, आणि तात्पुरत्या कॅपने लाडू-करंज्या खायच्या म्हणजे फजिती.

६. कॅप कशाची घ्यायची

पूर्ण धातूची: सर्वांत स्वस्त, चिवट, दात कमी तासावा लागतो. दिसायला चंदेरी. अगदी मागच्या दाढेला मला यात काही वावगे वाटत नाही, पण हल्ली कोणी सुचवत नाही.

धातूवर पोर्सेलिन, म्हणजे पीएफएम: अनेक वर्षांचे चालत आलेले काम. दाताच्या रंगाची, मजबूत. तोटे दोन. वरचे पोर्सेलिन कधी टवका उडून जाते, आणि हिरडी खाली सरकली की कडेला काळपट रेघ दिसते. आतला धातू बऱ्याचदा निकेल-क्रोमियमचा असतो. नकली दागिन्यांच्या खाजेचे कारण अनेकदा निकेलच, म्हणून ते आधी सांगायचे. अशांना कोबाल्ट-क्रोमियम किंवा बिनधातूची कॅप देतात.

झिर्कोनिया: धातू नाही, काळी रेघ नाही, ताकद भरपूर. एकसंध झिर्कोनिया दाढेला उत्तम. पुढच्या दातांसाठी वर पोर्सेलिनचा थर देतात, तो दिसतो सुंदर पण त्याचा टवका उडू शकतो. तुम्हाला यातले कुठले मिळते आहे ते विचारा. बिलावर दोन्ही 'झिर्कोनिया'च असतात.

ई-मॅक्स, म्हणजे लिथियम डायसिलिकेट: प्रकाश खऱ्या दातासारखा आरपार जातो, म्हणून पुढच्या एकट्या दाताला छान. मागच्या लांब ब्रिजला नाही.

झिर्कोनियासोबत अनेक लॅब वॉरंटी कार्ड देतात. दहा-पंधरा वर्षांचा आकडा पाहून हुरळू नका. ती वॉरंटी कॅप फुटण्याची असते. खालचा दात किडला तर तिचा उपयोग नाही, आणि कामे बिघडतात ती जास्त करून खालच्या किडीनेच. तरीही कार्ड मागून घ्या, त्यावर नाव आणि दाताचा आकडा बरोबर आहे का तेवढे पाहा.

७. तासण्याचा दिवस

पोटभर जेवून जा. खालच्या जबड्याचे इंजेक्शन दोन-तीन तास उतरत नाही आणि तोवर खाणे म्हणजे आपलाच गाल चावणे.

रंग मशीन सुरू होण्याआधी ठरवून घ्या. तोंड बराच वेळ उघडे राहिले की दात सुकतात आणि पांढरे दिसतात, मग जुळवलेला रंग दुसऱ्या दिवशी फिका वाटतो. खिडकीच्या उजेडात पाहा, लिपस्टिक पुसा. रंगाच्या पट्टीवर ए, बी, सी, डी असे गट आणि एकूण १६ छटा असतात. ठरलेली छटा वहीत लिहून ठेवा. "थोडा आणखी पांढरा चालेल" या मोहात पडू नका. शेजारचे दात काही बदलणार नाहीत.

मग तासणे. चावण्याच्या बाजूने दीड-दोन मिलिमीटर, कडांनी साधारण एक ते दीड. नंतर हिरडीत बारीक दोरा घालून कड मोकळी करतात आणि पुट्टीने (तोंडात ठेवायच्या मऊ लगद्याने) किंवा स्कॅनरने माप घेतात. पुट्टीने उमासे येत असतील तर आधीच सांगा. सरळ बसून, मान किंचित पुढे करून, नाकाने श्वास घेतला की निभावते. दोन्ही मापे चांगली होऊ शकतात. स्कॅनर आहे म्हणून काम चांगलेच होईल असे नाही, पण उमासे येणाऱ्याला तो वरदान आहे.

८. तात्पुरती कॅप

ती मागून घ्या. काही ठिकाणी "चार दिवसांचाच प्रश्न आहे" म्हणून दात उघडाच सोडतात. जिवंत दात असेल तर थंड पाण्याने कळ येते, आणि त्याहून वाईट म्हणजे चार दिवसांत दात किंचित सरकतात व कायमची कॅप बसत नाही. तात्पुरती निघून आली तर त्याच दिवशी फोन करा. त्या बाजूने चिकट आणि कडक काही नको: दोदोल (चिकट गोड) नको, कांकणे (बांगडीसारखे कडक पाव) चहात बुडवली तरी नकोत.

९. ट्रायल: सगळ्यांत महत्त्वाचा दिवस

लॅबकडून कॅप आली की तोंडात घालून पाहतात. अजून ती चिकटलेली नसते, म्हणून परत पाठवता येते. सिमेंट लागल्यावर दुरुस्ती म्हणजे कॅप कापणे. तेव्हा या भेटीला घाईची वेळ घेऊ नका, आणि शक्य असेल तर इंजेक्शनशिवाय करायला सांगा. बधीर तोंडाला उंच-ठेंगणे कळत नाही.

चावा. निळा कागद दातांमध्ये धरून चावायला सांगतात आणि डाग पडलेली जागा घासतात. आडवे झोपून चावले की जबडा किंचित मागे जातो, म्हणून शेवटी एकदा खुर्ची सरळ करून, ताठ बसून चावून पाहा. नुसते टेकवू नका, डावी-उजवीकडे आणि पुढेही सरकवा. इतर दातांच्या आधी कॅप टेकत असेल तर सांगा. "थोडे उंच वाटते, पण सवय होईल" हे मी एका दवाखान्यात ऐकले आहे. शेजारच्या दातांचा घट्टपणा काही वेळात निवळतो, तो वेगळा. उंच कॅपची मात्र सवय होत नाही, दात दुखायला लागतो, कधी समोरचाही. घासून झाल्यावर ती जागा पॉलिश करायला सांगा, विशेषतः झिर्कोनियाची. खरखरीत राहिलेला झिर्कोनिया समोरचा खरा दात झिजवतो.

शेजारच्या दातांशी स्पर्श. फ्लॉसचा धागा कॅपच्या दोन्ही बाजूंनी घालून पाहायला सांगा. तो जरा अडून 'टक्' करून आत जायला हवा. अलगद गेला तर फट आहे, आणि पुढची कित्येक वर्षे प्रत्येक जेवणानंतर तुम्ही तिथे काडी घालणार. कॅप बसवलेल्यांकडून मी सर्वांत जास्त ऐकलेली तक्रार हीच. लॅबमध्ये पोर्सेलिनची भर घालून ती फट बुजवता येते, पण फक्त आज.

कड. ही तुम्हाला दिसणार नाही. "कड सगळीकडून बसली आहे ना, एक्स-रे काढून पाहायचा का?" एवढे विचारले की डॉक्टर बारीक सुईने कड चाचपून पाहतात.

ब्रिजचा मधला दात. तो हिरडीला हलका टेकलेला असावा, दाबलेला नसावा. बसवल्यावर हिरडी पांढरी पडली आणि काही मिनिटांत पुन्हा गुलाबी झाली तर ठीक. तशीच पांढरी राहिली तर दाब जास्त आहे. त्याच्या खालून सफाईचा धागा जातो का तेही आताच पाहा.

पुढचे दात असतील तर बोलून पाहा. 'फ', 'व' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात आणि 'स'च्या वेळी दातांमधून हवा जाते. आरशासमोर मोठ्याने म्हणा: फोंडा, वाळपई, सांगे, सासष्टी. मग एकसष्ट ते एकोणसत्तर मोजा. शिट्टी वाजत असेल किंवा ओठ अडखळत असेल तर दाताची लांबी बदलता येते. हसून पाहा, आणि घरच्या एखाद्या स्पष्टवक्त्या माणसाला सोबत न्या. माझ्या मामीने खुर्चीतल्या माणसाला न दिसलेली गोष्ट दारातूनच सांगितली: "एक दात पुढे आलाय."

मन पूर्ण भरत नसेल तर विचारा: "आठवडाभर तात्पुरत्या सिमेंटने बसवून वापरून पाहता येईल का?" प्रत्येक कामात हे जमत नाही, पण ब्रिजच्या बाबतीत बरेच डॉक्टर तयार होतात. पूर्ण पैसेही ट्रायलनंतरच द्या. आगाऊ थोडी रक्कम देणे रास्त आहे, लॅबचा खर्च त्यांना आधी करावा लागतो.

१०. सिमेंट आणि पहिले दिवस

हे काम थोडक्यात होते. दात कोरडा ठेवतात, सिमेंट भरून कॅप दाबतात, बाहेर आलेले सिमेंट काढतात. हिरडीखाली राहिलेला सिमेंटचा कण पुढे सूज आणतो, म्हणून निघण्याआधी दातांमधून एकदा धागा फिरवून घ्या.

पहिला दिवस पेज, शीत-कढी, मऊ पदार्थ. जिवंत दाताला थंड-गरम काही दिवस लागते, ते हळूहळू कमी होते. चावताना लागत असेल तर मात्र वाट पाहू नका, जाऊन चावा दुरुस्त करून घ्या. कुर्लीची नांगी दाताने फोडणे आणि बाटलीची झाकणे उघडणे या दोन कलांमधून आता निवृत्त व्हा. रात्री दात खायची सवय असेल तर नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचे कवच) मागा.

बिल आणि दाताचा आकडा, कॅपचा प्रकार, छटा लिहिलेला कागद जपून ठेवा. साध्या आरोग्य विम्यात दातांचे काम बहुधा अपघाताखेरीज धरलेले नसते, म्हणून पैसे परत मिळतील या भरवशावर बसू नका, आधी पॉलिसी वाचा.

११. ब्रिजखालची सफाई

कॅप किडत नाही, पण तिच्या कडेला लागून असलेला दात किडतो. दिवसातून दोनदा मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला नीट. ब्रिजखालून साधा फ्लॉस वरून जाऊ शकत नाही, कारण दात जोडलेले असतात. त्यासाठी एक टोक कडक असलेला सुपरफ्लॉस मिळतो. तो सुईदोऱ्यासारखा बाजूने ओवून मधल्या दाताखालून पुढे-मागे ओढायचा. बारीक इंटरडेंटल ब्रशनेही जमते. सुरुवातीला दहा मिनिटे लागतात आणि चिडचिड होते. रात्री एकदा, पण रोज.

ब्रिजची खरी कसोटी इथे आहे. आधाराच्या दोन दातांपैकी एक आतून किडला की बाकी दोन युनिट चांगली असूनही सगळा ब्रिज काढावा लागतो. नीट ठेवलेली कामे दहा-पंधरा वर्षे आणि त्याहून जास्तही चालतात. सहा महिन्यांनी तपासणी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे, कारण रूट कॅनाल झालेला दात किडताना दुखत नाही.

१२. केव्हा लगेच परत जायचे

कॅपखालून वास किंवा वाईट चव येणे, हिरडीवर पुळी येणे, ब्रिज एका बाजूने किंचित हलणे किंवा चावल्यावर बुडबुडा आल्यासारखे वाटणे. शेवटचे लक्षण लोक सोडून देतात. त्याचा अर्थ एका दातावरचे सिमेंट सुटले आहे आणि लाळ आत शिरते आहे. दुसरी बाजू घट्ट असल्याने ब्रिज पडत नाही आणि आतला दात काही महिन्यांत मऊ होतो.

कॅप सुटून हातात आली तर फेव्हिक्विकने चिकटवू नका. धुऊन डबीत ठेवा, त्या बाजूने चावू नका आणि दोन-तीन दिवसांत दाखवा. आतला दात ठीक असेल तर तीच कॅप पुन्हा बसते. गिळली गेली आणि त्रास काही नसेल तर ती बहुधा शौचावाटे निघून जाते, डॉक्टरांना कळवून ठेवा. पण ठसका लागला, खोकला थांबेना किंवा श्वास घुरघुरू लागला, तर दाताच्या डॉक्टरकडे नव्हे, सरळ गोमेकॉच्या आपत्कालीन विभागात जा.